शेठची गिरणी आणि संगमेश्वरचे घर

प्रश्न संगमेश्वर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. त्यांचे पणजोबा, आजोबा आणि वडील तिघेही परळच्या एकाच कापड गिरणीत लागले, आणि ती गिरणीही तीन पिढ्या एकाच घराण्याकडे राहिली. गावच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांना तिचा इतिहास लिहायचा आहे. ते विचारतात: कागदोपत्री लिमिटेड कंपनी असूनही सगळे तिला 'शेठची गिरणी' का म्हणायचे? ती बुडाली कशाने? आणि माणसे सगळी आपल्याकडची, तर मग गिरणी आपल्याकडे का उभी राहिली नाही?

माझे शिक्षण माटुंग्याच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत झाले आणि नोकरी गिरण्यांमध्येच, बहुतेक काळ साइझिंग (सुताला खळ देण्याचे खाते) आणि साचाखात्यात (साचे म्हणजे माग, तिथे कापड विणतात). निवृत्तीनंतर गिरण्यांची जुनी कागदपत्रे वाचण्यातच माझा वेळ जातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मालकीचे पाहू, कारण तिथे चुकलात तर पुढचा सगळा इतिहास चुकेल. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्ये काढली आणि ताडदेवला १८५६ मध्ये सूत निघू लागले. तेव्हापासूनच गिरणी म्हणजे भागभांडवलाची कंपनी. शेअर पुष्कळांचे, पण कारभार एका पेढीच्या हाती. या पेढीला मॅनेजिंग एजंट म्हणत. बॉम्बे डाइंगची एजंट नौरोसजी वाडिया अँड सन्स, हिंदुस्तान मिलची ठाकरसी मूळजी आणि कंपनी, अशी ही नावे जुन्या अहवालांवर कंपनीच्या नावाखालीच छापलेली दिसतात. घराण्याची खरी मालकी होती ती या एजन्सीवर. शेअर थोडे असले तरी चालायचे; करार हातात असला की रुई कोणाकडून घ्यायची, यंत्रे कुठून आणायची, कापड कोणत्या अडत्याला द्यायचे आणि मॅनेजर कोण नेमायचा, हे सगळे पेढीच ठरवी. करार वीस-तीस वर्षांचे, काही तर कंपनी असेपर्यंतचे. बापानंतर मुलगा पेढीत भागीदार झाला की गिरणी आपोआप त्याच्याकडे येई.

या एजंटांचा सुरुवातीचा मोबदला नीट समजून घ्या. निघालेल्या सुताच्या प्रत्येक पौंडामागे तीन पै, म्हणजे पाव आणा. नफा होवो न होवो, सूत निघाले की कमिशन चालू. त्यामुळे बाजारात मागणी नसतानाही चात्या (सूत कातणारी टोके) फिरत ठेवण्यात एजंटाचा फायदा होता आणि भागधारकाचा तोटा. पुढे नफ्यावर कमिशन घेण्याची पद्धत रूढ झाली, तरी विक्रीवरचे आणि खरेदीवरचे वेगळे कमिशन बऱ्याच ठिकाणी राहिले. १९३६ च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने एजन्सीच्या मुदतीला वीस वर्षांची मर्यादा घातली, १९५६ च्या कायद्याने मोबदला आवळला आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. तुमच्या शेठच्या घराण्याची सत्ता त्या दिवशी संपली, असे मी म्हणेन. आडनाव पुढे दहा-बारा वर्षे गेटवर राहिले असेल, पण आता भावाभावांत वाटलेल्या शेअरांच्या जोरावर संचालक मंडळ धरून ठेवायचे होते, आणि कर्ज देणाऱ्या बँका ताळेबंद मागू लागल्या होत्या.

तेव्हा पहिले काम हे करा: कंपनीचे मेमोरँडम आणि एजन्सीचा करार मिळवा. कंपनी रजिस्ट्रारकडे जुनी नोंद निघते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मिलमालक संघाचे वार्षिक अहवाल आहेत. त्यांत प्रत्येक गिरणीच्या चात्या, साचे, रोजचे मजूर आणि एजंटाचे नाव ओळीने दिलेले असते. एजंटाचे नाव ज्या वर्षी बदलले, त्या वर्षी घरात काहीतरी घडले असे समजा: वाटणी, दिवाळे किंवा विक्री.

घराणे कसे होते हे मात्र अहवालातून कळत नाही. त्यासाठी मी दोन जागा बघतो, रुईची खरेदी आणि साइझिंगची वही.

कापडाच्या खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या रुईचा. पहिल्या पिढीतले बहुतेक मालक मुळात रुईच्या व्यापारातलेच, भाटिया आणि पारशी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना तेव्हा मुंबईत जो पैसा आला त्यातून बरेच जण उभे राहिले, आणि १८६५ च्या मंदीत तितकेच आडवे झाले. या लोकांना रुई हाताने कळायची. गासडीतून चिमूटभर रुई ओढायची, दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत धरून फाडायची, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची, असे करत आखूड तंतू गळून जातात आणि एका बोटावर समांतर तंतूंची चापट पट्टी उरते. ती काळ्या कापडावर धरून लांबी पाहायची, मग कानाजवळ तोडून आवाज ऐकायचा. मजबूत रुईचा आवाज स्पष्ट येतो. एवढ्यावर शेकडो गासड्यांचा सौदा होई. वऱ्हाडी रुईतून वीस नंबरचे सूत निघेल की ओढून-ताणून चोवीस नंबर जमेल, हे तिथेच ठरे. (वीस नंबर म्हणजे ८४० वाराच्या वीस लडी मिळून एक पौंड, नंबर जितका मोठा तितके सूत बारीक.) ज्या घराण्यात पुढची पिढी स्वतः शिवडीला कॉटन ग्रीनवर जाऊन रुई बघत राहिली ती घराणी टिकली. जिथे खरेदी दलालावर सोपवून शेठ फक्त सट्टा खेळू लागला, तिथे तोटा साचाखात्यात नव्हे, रुईच्या वखारीत झाला आणि त्याचा ठपका विणकरावर आला. हे मी स्वतः पाहिले आहे. कमी प्रतीची रुई आली की रिंगवर (सूत कातण्याच्या यंत्रावर) सूत तुटते, साच्यावर ताणा (उभे सूत) तुटतो, कापडात दोष येतात आणि दंड कोणाला? विणकराला.

साइझिंगची वही त्याहून बोलकी असते. ताण्याच्या सुताला साच्यावर चढवण्याआधी खळ देतात, म्हणजे ते घासले तरी तुटत नाही. स्टार्च, चिंचोक्याचे पीठ, थोडी चरबी, एवढे पुरे असते. पण खळीत चिनी माती घालून कापडाचे वजन वाढवता येते. असे कापड दुकानात जाड आणि भरदार वाटते आणि पहिल्या धुण्यात त्याचा जीव जातो. एखाद्या गिरणीने धोतरात किती खळ भरली, कोणत्या सालापासून वाढवली, हे वहीत टक्क्यांनी लिहिलेले असते. गिऱ्हाईक म्हणजे खेड्यातला शेतकरी, त्याला फसवायचे की नाही हा निर्णय शेठचा. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या गिरणीचे धोतर धुतल्यावर कसे राहायचे. हा पुरावा कमी दर्जाचा समजू नका.

आता दुसऱ्या घराकडे, म्हणजे कामगाराच्या गावच्या घराकडे येतो. माझे ठाम मत आहे की मुंबईच्या कोणत्याही घराण्याच्या गिरणीचा इतिहास कोकणातल्या घरांचे हिशेब धरल्याशिवाय पुरा होत नाही. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते (तेव्हाच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही आला). ही माणसे आली कशी? जमीन थोडी, तीही जांभ्याची, वर खोताचा वाटा. भात चार-सहा महिने पुरायचे. मग घरातला एकजण बोटीने मुंबई गाठी, गावकीच्या गाळ्यात (गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत) वळकटी टाकी, खानावळवालीकडे जेवे आणि गावच्याच जॉबरच्या (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या) ओळखीने बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लागे. बायको, मुले, म्हातारी गावाला. त्याला मिळणारा पगार एका माणसाच्या पोटापुरता होता; कुटुंबाचे पोट गावचे भात भरत होते. आजारी पडला, क्षय झाला, म्हातारा झाला की तो गावी परत. म्हणजे कामगाराचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा खर्च गिरणीने कधी उचललाच नाही. तो तुमच्या पणजीने केला, लावणी करून आणि नाचणी दळून. शेठने मोठा डिव्हिडंड वाटला त्या वर्षांचे अहवाल वाचताना हे लक्षात असू द्या.

पगाराची रीतही पाहा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. नवा माणूस दीड महिना उधारीवर काढी, तो उधार वाण्याकडून आणि पठाणाकडून. दोष असलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची पद्धत बरीच वर्षे चालली. त्या तागा-दोन तागांचे काय झाले, ते बाजारात पडेल भावाने विकले की गावी पाठवून त्याची बंडी शिवली, हे कोकणातल्या घरात अजून कोणालातरी आठवत असते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा या व्यवस्थेची दुसरी बाजू मालकांना दिसली. माणसे बोटी भरभरून गावी निघून गेली आणि गिरण्या ओस पडल्या. उरलेल्या कामगारांसाठी नाक्यानाक्यावर गिरण्यांचे लोक जास्त रोज देऊ करून ओढाओढ करत होते. गावाला घर होते म्हणून मजुराला नाही म्हणता आले. पुढे १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपातही गावच्या भातावरच पुष्कळांनी तग धरला.

तुमच्या लेखात एक गोष्ट गाळू नका, कारण स्मरणिकांतून ती हमखास गाळली जाते. साचाखात्यात पगार सगळ्यांत चांगला, पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कारण सांगत ते धोट्याचे, म्हणजे ताण्यातून आडवे सूत नेणाऱ्या साधनाचे. धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे, आणि तोच धोटा दुसऱ्या विणकराच्या तोंडाला लागणार. एवढ्यावर हजारो माणसे कमी पगाराच्या रिंगखात्यात अडकून राहिली. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मालक आणि संपाचे पुढारी या दोघांपुढे रोखठोक ठेवला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. म्हणजे हाही कोकणचाच इतिहास आहे. मी साचाखात्यात काम केले असल्याने सांगतो, तोंडाने सूत ओढणे विणकराच्या छातीला घातकच होते. रुईची धूळ आणि तेल रोज पोटात जाई. ते ओढायला हाताचा आकडा वापरता आला असता. अडचण यंत्राची नव्हती, जातीची होती. तुमच्या गावातल्या सर्व वाड्यांतले लोक कोणत्या खात्यात होते ते वाडीवार विचारून लिहा. चित्र आपोआप उभे राहील.

मालकांच्या पैशाचा काही भाग चांगल्या कामी लागला, तेही लिहिले पाहिजे. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. गिरणीच्या पैशातून शिकलेल्या मुलींमध्ये कोकणातल्या मुलीही होत्याच.

आता गिरणी कोकणात का नाही. हवा दमट नसती तर मी तिला दोष दिला असता, पण दमट हवेत सूत कमी तुटते आणि आपल्याकडे दमटपणाला तोटा नाही. अडले ते दुसरीकडे. जांभ्याच्या जमिनीत आणि एवढ्या पावसात कापूस होत नाही. घाटावरचा कापूस बैलगाडीने वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा खरा, पण घाटावर आगगाडी आली आणि तो माल रेल्वेने जाऊ लागला. समुद्र जूनपासून बंद. गिरणीला रुई, कोळसा आणि सुटे भाग बारमाही लागतात. चार महिन्यांचा साठा करून ठेवायचा तर भांडवल तिथेच अडकून बसते. कोकणात रेल्वे पूर्ण मार्गाने धावली ती १९९८ मध्ये, तोवर बहुतेक गिरण्या संपल्या होत्या. मुंबईबाहेर पडलेली घराणी कुठे गेली ते पाहिले की हे पटते. मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ मध्ये सोलापूर निवडले, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. दोन्हीकडे कापूस दाराशी आणि रूळ शेजारी. आणि सगळ्यांत मोठे कारण, कोकणातली माणसे स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून मुंबईत येत असताना मालकाने गिरणी घेऊन त्यांच्याकडे का जावे?

कोकणने गिरण्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती फारशी कोणाच्या ध्यानात नसते. सुरुवातीच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस धरणांत अडवायचा आणि नळांतून खाली कोकणात सोडून टर्बाइन फिरवायची. लालबाग-परळचे साचे त्या पाण्यावर चालले.

बुडण्याचे कारण विचारताच बहुतेक जण १९८२ चा संप सांगतात. मला ते अपुरे वाटते. 'तिसऱ्या पिढीने उडवले' हेही मी मानत नाही; उधळे लोक पहिल्या पिढीतही होते. दोन्ही महायुद्धांत गिरण्यांनी अफाट कमावले. दुसऱ्या युद्धात तर यंत्रांना रात्रंदिवस राबवले आणि नवी आयात बंद होती. युद्ध संपल्यावर तो पैसा यंत्रे बदलायला ठेवायचा होता. बऱ्याच घराण्यांनी तो डिव्हिडंड, कमिशन आणि इतर धंद्यांत काढून घेतला. फाळणीने सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस पलीकडे गेला. १९५६ नंतर सरकारी धोरणाने गिरण्यांना साचे वाढवू दिले नाहीत, हातमाग वाचावा म्हणून. प्रत्यक्षात वाढले ते भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे यंत्रमाग. त्यांना कामगार कायद्यांचा जाच नव्हता आणि गिरण्यांनी भंगारात काढलेलेच साचे त्यांनी स्वस्तात उचलले. १९६४ पासून ठरावीक भावाने कंट्रोलचे कापड काढणे गिरण्यांवर बंधनकारक झाले, त्यात तोटा. १९७४ मध्ये १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. आजारी म्हणजे काय, तर ज्यांतले सत्त्व मालकांनी आधीच काढून घेतले होते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तोपर्यंत अनेक मालक आपल्या छापाचे कापड यंत्रमागांवर विणून घेत होते; त्यांना साचाखाते चालू करण्याची घाई नव्हती. ज्या गिरण्यांनी यंत्रे वेळेवर बदलली होती त्या संपानंतरही उभ्या राहिल्या. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीची जमीन विकायची वाट मोकळी केली: एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. तिथून पुढे घराण्याला कापडापेक्षा जमिनीतच रस राहिला. ज्यांच्या तीन पिढ्या तिथे खपल्या त्यांच्या हाती ग्रॅच्युइटीचा आकडा आणि म्हाडाच्या सोडतीतला अर्ज आला. हा अन्याय आहे आणि लेखात तो तसाच, अन्याय म्हणूनच, लिहा.

शेवटी कामाचे. आजोबांचे नाव गिरणीच्या नोंदीत मिळाले नाही तर खट्टू होऊ नका. बदली कामगार कधी कायम माणसाच्या नावावर, त्याच्या बिल्ल्यावर काम करी, आणि पुष्कळांचे आडनाव गावावरून लिहिले जाई. नावापेक्षा बिल्ला नंबर आणि खाते शोधा. प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचे कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट ट्रंकेत असतील. बहुतेक घरांत लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली निघतात. मनीऑर्डरच्या पावत्यांची कुपने असतील तर सालवार लावा. किती रुपये, कोणत्या महिन्यात, आणि संपाच्या वर्षी काय झाले, हे एका पानावर मांडून शेजारी कंपनीने त्या वर्षी वाटलेला डिव्हिडंड लिहा. जुन्या तागाचे टोक कोणी जपले असेल तर त्यावरचा गिरणीचा छाप, क्वालिटी नंबर आणि रंगीत तिकिटाचा फोटो घ्या. नंबरावरून सुताचा नंबर आणि साल ठरवायला मी मदत करीन.

आणि गावातल्या ज्या आजी वाइंडिंगमध्ये (सूत गुंडाळण्याच्या खात्यात) कामाला होत्या त्यांच्याकडे आधी जा. नायकिणीला (बायकांच्या मुकादमिणीला) काय द्यावे लागायचे, बाळंतपणानंतर परत घेत का, हे अहवालांत कुठेही नाही, आणि ते सांगणाऱ्या आता थोड्याच राहिल्या आहेत.